अफूजन्य वेदनाशामकांच्या औषधचिठ्ठ्यांवरील निर्बंध (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन इ. अफूजन्य अथवा अफूसदृश वेदनाशामके एका चिठ्ठीवर किती दिवसांपुरती आणि किती मात्रेत द्यावयाची, यावर कमाल मर्यादा घालणारे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांचे कायदे. मॅसॅचूसेट्स राज्याने मार्च २०१६ मध्ये असा पहिला अधिनियम केला व २०१८ च्या अखेरपर्यंत तीसाहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. वैद्याने रुग्णाला कोणते औषध किती द्यावे, ही बाब सामान्यतः विधिमंडळे वैद्यकव्यवसायाकडेच सोपवितात. एका औषधवर्गाबाबत दिवस आणि मिलिग्रॅम यांचे आकडे थेट अधिनियमात घालण्याचा हा प्रयोग म्हणूनच वैद्यक आणि विधी या दोन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांना लक्षणीय वाटतो.

औषधवर्ग : अफूतून मॉर्फीन व कोडीन ही अल्कलॉइडे सरळ मिळतात. थीबेन या तिसऱ्या अल्कलॉइडावर रासायनिक प्रक्रिया करून ऑक्सिकोडोन तयार करतात. फेंटानिल व मेथॅडोन ही संपूर्णपणे संश्लेषित (कृत्रिम रीत्या तयार केलेली) औषधे आहेत. मेंदू व मेरुरज्जू यांतील एकाच प्रकारच्या ग्राहींवर (विशिष्ट रेणूंना जोडून घेणाऱ्या स्थानांवर) या सर्वांची क्रिया होते. तीमुळे वेदनेची जाणीव बोथट होते, काहींना सुखभ्रम होतो आणि श्वसनकेंद्र मंदावते. अतिमात्रेने येणारा मृत्यू बहुधा श्वसन थांबल्यामुळेच येतो.

दीर्घकाल सेवनाने शरीरात सह्यता निर्माण होते, म्हणजे पूर्वीइतक्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते. औषध अचानक थांबविल्यास घाम, जुलाब, अंगदुखी, निद्रानाश अशी विरतिलक्षणे उद्‌भवतात. या अवस्थेस शारीरिक अवलंबन म्हणतात. व्यसन हे याहून वेगळे आहे. व्यसनात औषधाची अनावर ओढ असते व हानी दिसत असूनही सेवन चालू राहते. महिनोन्‌महिने मॉर्फीन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात अवलंबन येते. व्यसन मात्र त्यांतील काहींनाच जडते. प्रस्तुत कायद्यांसंबंधीच्या वादातील बराच गोंधळ या दोन अवस्थांची गल्लत झाल्याने माजला आहे.

अधिकारांची वाटणी : अमेरिकेत मादक द्रव्यांचे नियंत्रण संघशासन करते, तर वैद्यकव्यवसायाचे नियमन घटक राज्ये करतात. १९१४ च्या हॅरिसन अधिनियमाने अफूजन्य पदार्थांच्या व्यापारावर कर व नोंदणी बसविली. व्यसनी माणसाला त्याचे व्यसन चालू ठेवण्यापुरते मॉर्फीन लिहून देणे ही खरी औषधचिठ्ठी नव्हेच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने वेब खटल्यात १९१९ साली दिला. त्यानंतरच्या काळात अनेक वैद्यांवर खटले झाले आणि अफूजन्य औषधे लिहून देण्यास वैद्य बिचकू लागले. १९७० च्या नियंत्रित द्रव्य अधिनियमाने सर्व द्रव्यांची पाच अनुसूचींत विभागणी केली. मॉर्फीन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल व मेथॅडोन दुसऱ्या अनुसूचीत आली. त्यांची चिठ्ठी पुन्हा भरून घेता येत नाही, प्रत्येक वेळी नवी लागते. मात्र चिठ्ठीवर किती दिवसांचे औषध लिहावे, याविषयी संघशासनाने कमाल मर्यादा घातली नाही. वैद्यकव्यवसायाचे नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ऑरेगन राज्याच्या खटल्यात पुन्हा उचलून धरले. राज्यांच्या कायद्यांना आधार आहे तो याच अधिकाराचा.

इतिहास : राज्यांचे जुने निर्बंध मुख्यतः नोंदीच्या स्वरूपाचे होते. कॅलिफोर्नियाने १९३९ पासून अशा चिठ्ठ्यांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे काही राज्यांत तीन प्रतींची चिठ्ठी सक्तीची झाली. एक प्रत वैद्याकडे, एक औषधविक्रेत्याकडे राही व तिसरी शासनाकडे जाई. ही पद्धत कटकटीची आणि जुनाट समजली जाई. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम पुढे उघडकीस आला. १९९६ मध्ये ऑक्सिकोंटिन हे औषध बाजारात आले, तेव्हा कॅलिफोर्निया, आयडाहो, इलिनॉय, न्यूयॉर्क व टेक्सस या पाच राज्यांत तीन प्रतींची पद्धत चालू होती. तेथील वैद्य असली औषधे सहसा लिहून देणार नाहीत, असे उत्पादकांच्या पाहणीत आढळले होते आणि तेथे विक्रीचा जोरही कमी लावला गेला. त्या राज्यांत या औषधाचा खप पुष्कळ कमी राहिला आणि पुढील दोन दशकांत अतिमात्रेच्या मृत्यूंची वाढही मंद राहिली, असे अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. मात्रेचा एकही आकडा न घालणाऱ्या एका कार्बन कागदाने जे साधले, ते नंतरच्या अनेक आकडेबद्ध कायद्यांना साधले नाही.

१९८० नंतर वारे उलट दिशेने वाहू लागले. कर्करोगाचे रुग्णही वेदनेने तळमळत मरतात व वैद्य कारवाईच्या भीतीने त्यांना मॉर्फीन देत नाहीत, ही तक्रार खरी होती. टेक्ससने १९८९ मध्ये व कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये असाध्य वेदनेच्या उपचारासंबंधी अधिनियम केले. अशा रुग्णांना अफूजन्य औषधे दिली एवढ्याच कारणावरून वैद्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये, असे संरक्षण त्यांनी दिले. म्हणजे याच राज्य विधिमंडळांनी प्रथम दार उघडले आणि पाव शतकानंतर ते ओढून घेतले.

दार उघडण्यास शास्त्रीय आधार फारच तुटपुंजा होता. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन जडल्याची नोंद सापडते, एवढेच त्यात म्हटले होते. हे सर्व रुग्ण रुग्णालयात देखरेखीखाली होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात काहीही नव्हते. तरीसुद्धा दीर्घकालीन उपचारातही व्यसनाचा धोका नगण्य आहे, याचा पुरावा म्हणून पुढे शेकडो लेखांत त्याचा दाखला देण्यात आला. नाडी, तापमान, श्वसन व रक्तदाब यांच्या जोडीला वेदना हे ‘पाचवे जीवनचिन्ह’ मानून तिचे मापन करावे, अशी चळवळही १९९० नंतरच्या दशकात सुरू झाली. पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकोंटिनचा प्रचार याच हवेत केला. औषधाच्या व्यसनकारकतेविषयी दिशाभूल केल्याबद्दल तिच्या संलग्न कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

चिठ्ठ्यांची संख्या वाढत वाढत २०१२ मध्ये सु. २५ कोटी ५० लक्षांवर गेली. दर शंभर लोकसंख्येमागे हे प्रमाण ८१ हून अधिक होते. फ्लॉरिडातील स्थिती सर्वांत बिकट होती. तेथे ‘वेदना चिकित्सालय’ अशी पाटी लावून वैद्य रोख पैसे घेत व स्वतःच गोळ्या विकत. शेजारच्या राज्यांतून गिऱ्हाइके मोटारी भरभरून येत. स्वतःच्या चिकित्सालयातून सर्वाधिक ऑक्सिकोडोन विकणाऱ्या देशातील १०० वैद्यांपैकी ९८ जण २०१० मध्ये एकट्या फ्लॉरिडात होते. राज्याने अशा चिकित्सालयांची नोंदणी सक्तीची केली, २०११ मध्ये वैद्यांना ही औषधे स्वतः विकण्यास मनाई केली व चिठ्ठ्यांची संगणकीय नोंद सुरू केली. परिणामी २०१० ते २०१२ या काळात ऑक्सिकोडोनच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. येथे कायद्याचे लक्ष्य रुग्ण नव्हता, दुकान होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चिठ्ठ्यांची संगणकीय नोंद पुढे सर्वत्र पसरली. एकच रुग्ण अनेक वैद्यांकडून गोळ्या मिळवीत असल्यास ते तीमुळे उघड होते. केंटकी व न्यूयॉर्क यांनी २०१२ च्या कायद्यांनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ही नोंद पाहणे वैद्यांना बंधनकारक केले. राज्यव्यापी नोंदीचा कायदा करणारे शेवटचे राज्य मिसूरी. तेथे तो २०२१ मध्ये झाला.

कालमर्यादा व मात्रामर्यादा : संघशासनाच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्च २०१६ मध्ये प्राथमिक वैद्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तीव्र (अल्पकालीन) वेदनेसाठी तीन दिवसांचे औषध बहुधा पुरते, सात दिवसांहून अधिक क्वचितच लागते. चिरकारी वेदनेत दररोज ९० मिग्रॅ. मॉर्फीनतुल्य मात्रेपलीकडे जाणे टाळावे, असा तिचा सल्ला होता. ही मार्गदर्शिका ऐच्छिक होती. विधिमंडळांना मात्र आयते आकडे मिळाले.

कालमर्यादेमागील विचार साधा आहे. दात काढल्यावर किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तीस-चाळीस गोळ्या दिल्या जात. चार-सहा लागत, उरलेल्या घरातील औषधांच्या कपाटात पडून राहत व तेथून मुलांच्या अथवा पाहुण्यांच्या हाती पडत. याशिवाय पहिल्या चिठ्ठीची लांबी व पुढील सेवन यांचा संबंधही आकडेवारीत दिसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, पूर्वी ही औषधे न घेतलेल्या व कर्करोग नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांना प्रथम एकाच दिवसाचे औषध मिळाले, त्यांतील ६ टक्के वर्षभरानंतरही ते घेत होते. आठ किंवा अधिक दिवसांचे औषध मिळालेल्यांत हे प्रमाण १३·५ टक्के व एकतीस किंवा अधिक दिवसांचे मिळालेल्यांत सु. ३० टक्के होते. अर्थात ज्याचे दुखणे मुळातच मोठे, त्याला प्रथमच अधिक दिवसांचे औषध मिळते. त्यामुळे हा संबंध सर्वस्वी कार्यकारणाचा आहे असे म्हणता येत नाही. विधिमंडळांतील चर्चेत हा भेद फारसा टिकला नाही.

मॅसॅचूसेट्सचे राज्यपाल चार्ली बेकर यांनी प्रथम ७२ तासांची मर्यादा सुचविली होती. अधिनियमात ती प्रौढांच्या पहिल्या चिठ्ठीसाठी व अल्पवयीनांच्या प्रत्येक चिठ्ठीसाठी सात दिवस अशी ठरली. चिठ्ठीतील काही गोळ्याच घेण्याची मुभा रुग्णाला देण्यात आली आणि आपल्याला ही औषधे देऊ नयेत, अशी लेखी सूचना आगाऊ नोंदविण्याचीही सोय झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क व कनेक्टिकट यांनीही सात दिवसांचीच मर्यादा घातली. न्यू जर्सीने २०१७ मध्ये पाच, तर केंटकीने त्याच वर्षी तीन दिवस ठरविले. फ्लॉरिडाने जुलै २०१८ पासून तीन दिवसांची मर्यादा लागू केली, वैद्याने चिठ्ठीवर तीव्र वेदनेचा अपवाद नमूद केल्यास ती सात दिवस होते. नॉर्थ कॅरोलायनाने साध्या तीव्र वेदनेसाठी पाच व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस असा भेद केला.

काही राज्यांनी दिवसांबरोबर मात्राही मोजली. निरनिराळ्या औषधांची शक्ती निरनिराळी असल्याने प्रत्येकाची मात्रा मॉर्फीनच्या परिमाणात बदलून घेतात. ऑक्सिकोडोन मॉर्फीनच्या दीडपट प्रभावी मानले जाते. त्यामुळे ५ मिग्रॅ. ची एक गोळी ७·५ मिग्रॅ. मॉर्फीनतुल्य भरते आणि दिवसाला चार गोळ्या घेतल्या की ३० मिग्रॅ. होतात. ऱ्होड आयलंड व ओहायओ यांनी तीव्र वेदनेसाठी घातलेली दैनिक मर्यादा नेमकी एवढीच आहे. टेनेसीच्या २०१८ च्या कायद्यात पायऱ्याच आहेत : तीन दिवस व एकूण १८० मिग्रॅ., अथवा अधिक अटींसह दहा दिवस व ५०० मिग्रॅ., आणि विशेष प्रसंगी त्याहून अधिक. १८० मिग्रॅ. म्हणजे वरील हिशेबाने चोवीस गोळ्या. हे गुणोत्तर मुळात संशोधनात तुलना करण्यासाठी वापरले जाणारे ढोबळ साधन आहे. वय, मूत्रपिंडाचे कार्य, आनुवंशिक भेद यांनुसार एकाच गोळीचा परिणाम व्यक्तिपरत्वे बदलतो. मेथॅडोनच्या बाबतीत तर मात्रेनुसार गुणोत्तरच पालटते. अशा साधनाला कायद्याच्या मापपट्टीचे स्थान देणे कितपत युक्त, हा प्रश्न भेषजगुणविज्ञानाच्या अभ्यासकांनी उपस्थित केला आहे.

मेन राज्य सर्वांपुढे गेले. जानेवारी २०१७ पासून तेथे तीव्र वेदनेस सात दिवस, चिरकारी वेदनेस तीस दिवस आणि दोहोंस मिळून दररोज १०० मिग्रॅ. मॉर्फीनतुल्य अशी कमाल मर्यादा लागू झाली. वर्षानुवर्षे अधिक मात्रा घेत असलेल्या रुग्णांना ती खाली आणण्यासाठी काही महिन्यांचीच मुदत मिळाली. बहुतेक सर्व राज्यांच्या कायद्यांत कर्करोग, उपशामक परिचर्या व मृत्युपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा यांना अपवाद आहे. सिकल सेल पांडुरोगासारख्या, ज्यात वेदनेचे तीव्र झटके जन्मभर येत राहतात, अशा विकारांचा स्पष्ट उल्लेख मात्र सर्वच कायद्यांत नाही.

परिणाम व आक्षेप : चिठ्ठ्यांची संख्या २०१२ नंतर सतत घटत गेली व २०२० मध्ये ती सु. १४ कोटी २० लक्ष झाली. यातील किती घट मर्यादा-कायद्यांमुळे झाली, हे सांगणे अवघड आहे. कारण २०१६ पूर्वीच ती सुरू झाली होती आणि कायदे नसलेल्या राज्यांतही ती दिसते. तुलनात्मक अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काहींत चिठ्ठीतील गोळ्यांची संख्या थोडी घटलेली आढळली, काहींत कायद्याचा वेगळा असा परिणाम दिसला नाही.

मृत्यू मात्र घटले नाहीत. अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने १९९९ मध्ये सु. ८,००० लोक मरण पावले होते; २०१७ मध्ये ही संख्या ४७,६०० व २०२१ मध्ये ८०,००० च्या वर गेली. या काळात मृत्यूचे कारणच बदलले होते. ऑगस्ट २०१० मध्ये ऑक्सिकोंटिनची गोळी सहज कुटता येणार नाही अशा स्वरूपात आली, तेव्हा व्यसनी लोकांपैकी अनेक जण हेरॉइनकडे वळले. २०१३ नंतर हेरॉइनची जागा बेकायदा कारखान्यांत बनविलेल्या फेंटानिलने घेतली. या द्रव्याला चिठ्ठी लागत नाही. २०२३ नंतर सर्व द्रव्यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू उतरू लागले. २०२३ मधील सु. १,०५,००० वरून ते २०२४ मध्ये सु. ८०,००० वर आले. चिठ्ठ्यांवरील मर्यादांनी नव्या माणसांना व्यसनापासून वाचविले असेल. पण व्यसनात आधीच सापडलेल्यांना उपचाराविना गोळ्या बंद करणे म्हणजे त्यांना बेकायदा बाजाराकडे लोटणे होय, हा आक्षेप घटनाक्रमाने बराचसा खरा ठरविला.

सर्वांत गंभीर हानी झाली ती ज्यांच्यासाठी हे कायदे नव्हतेच त्यांची. तीव्र वेदनेच्या पहिल्या चिठ्ठीसाठी केलेला नियम वैद्य, विमा कंपन्या व औषधविक्रेते यांनी चिरकारी वेदनेच्या जुन्या रुग्णांनाही लावला. मार्गदर्शिकेतील ९० मिग्रॅ. चा आकडा सल्ला होता, त्याची लक्ष्मणरेषा झाली. पाठीच्या कण्याला इजा झालेले, अनेक शस्त्रक्रिया होऊनही दुखणे न थांबलेले, दहा-दहा वर्षे एकाच मात्रेवर स्थिर राहून नोकरी-संसार सांभाळणारे रुग्ण होते. अशांची मात्रा सपाट्याने उतरविण्यात आली, काहींना वैद्यांनी दारच बंद केले. अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये इशारा दिला, की औषध एकाएकी थांबविल्याने तीव्र विरतिलक्षणे, अनावर वेदना व आत्महत्या असे प्रकार घडले आहेत. त्याच वर्षी मार्गदर्शिकेच्या कर्त्यांनीही तिचा असा वापर अभिप्रेत नव्हता, असे जाहीरपणे लिहिले. एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्रा उतरविल्यानंतर अतिमात्रेच्या व मानसिक संकटाच्या घटना वाढल्याचे आढळले.

तीव्र वेदनेच्या बाबतीतही अडचणी आहेत. दुसऱ्या अनुसूचीतील औषधाला दर वेळी नवी चिठ्ठी लागत असल्याने आठव्या दिवशी दुखत असेल, तर ग्रामीण भागातील रुग्णाला पुन्हा लांबचा प्रवास व पुन्हा खर्च करावा लागतो. याच्या उलट, जिथे तीन दिवस पुरले असते तिथेही कायद्यात सात आहेत म्हणून वैद्य सात लिहितील, अशी भीतीही व्यक्त झाली. हायड्रोकोडोनची संयुक्त औषधे ऑक्टोबर २०१४ मध्ये तिसऱ्या अनुसूचीतून दुसरीत नेण्यात आली, तेव्हा रुग्णाला पुन्हा यावे लागू नये म्हणून काही शल्यचिकित्सकांनी पहिल्याच चिठ्ठीत अधिक गोळ्या लिहिल्याचे आढळले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने सुधारित मार्गदर्शिका काढली. तिच्या मुख्य शिफारशींतून दिवसांचे व मात्रेचे ठोक आकडे वगळण्यात आले असून, तिचा उपयोग ताठर नियम म्हणून करू नये असे स्पष्ट बजावले आहे. जुन्या आकड्यांवर उभारलेले राज्य कायदे मात्र त्यामुळे आपोआप बदलले नाहीत. प्रत्येक विधिमंडळाने ते स्वतंत्रपणे बदलावे लागतात. मिनेसोटाने २०२२ मध्ये असाध्य वेदनेच्या रुग्णांना केवळ मात्रेच्या आकड्यावरून औषध नाकारले जाऊ नये, या हेतूने आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुआन खटल्यात, आपण अनधिकृतपणे औषध देत आहोत हे वैद्याला ठाऊक होते वा तसा त्याचा हेतू होता, हे सिद्ध केल्याशिवाय त्याला संघीय कायद्याखाली दोषी ठरविता येणार नाही, असा निर्णय दिला.

भारताचा संबंध : अमेरिकेतील या औषधांच्या कच्च्या मालाशी भारताचा जुना संबंध आहे. १९८१ च्या अमेरिकी नियमानुसार तेथे आयात होणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालापैकी किमान ८० टक्के माल भारत व तुर्कस्तान या परंपरागत उत्पादक देशांतून घ्यावा लागतो. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने पिकविलेली अफू गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत जाते. थीबेनचे प्रमाण अधिक असलेल्या टास्मानियातील पिकामुळे ऑक्सिकोडोनचा पुरवठा मात्र वेगळ्या वाटेने वाढला.

खुद्द भारतात प्रश्न नेमका उलटा आहे. १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली मॉर्फीनसाठी राज्याराज्यांतून अनेक परवाने लागत व शिक्षाही कडक असत. त्यामुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. अफू पिकविणाऱ्या या देशात कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांना मॉर्फीन मिळेनासे झाले. केंद्र शासनाने १९९८ मध्ये राज्यांना नियम सोपे करण्यास सुचविले. केरळने ते करून गावोगावी उपशामक परिचर्येचे जाळे उभारले, इतर अनेक राज्यांत मात्र काम रेंगाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ असा वर्ग निर्माण केला व त्यांच्या नियमनाचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला. या वर्गात मॉर्फीन, फेंटानिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे असून, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेस ती ठेवण्यासाठी आता निरनिराळे परवाने काढावे लागत नाहीत.